घंटी नको, गुणफलक नको: ज्येष्ठांसोबत वसंताची प्रश्नमंजूषा

ज्येष्ठांच्या बैठकीत मी तीन गोष्टींना शिरकाव करू देत नाही: घंटी, स्टॉपवॉच आणि गुणफलक. सत्तरी-ऐंशीतल्या माणसाला उत्तर बऱ्याचदा माहीत असतं, फक्त ते ओठांवर यायला वेळ लागतो. घंटी वाजली की तेही पळून जातं. शिवाय कोणाचं उत्तर बरोबर आलं यात मला फारसा रस नाही. उत्तर कळल्यावर गप्पा किती रंगल्या, यावर मी प्रश्न जोखते. वसंत हा विषय त्यासाठी सोन्यासारखा, कारण त्याबद्दल प्रत्येकाला काहीतरी ठाम वाटत असतं.

म्हणून ज्याचं उत्तर सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे, आणि नेमकं तेच चुकीचं आहे, असा प्रश्न शोधा. मी भूगोल शिकवत होते, त्यामुळे माझा लाडका प्रश्न हा: ‘पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ कोणत्या महिन्यात असते?’ मे, एप्रिल, जून अशी उत्तरं येतात. खरं उत्तर जानेवारी, तोही सुरुवातीचा आठवडा. मग कोणीतरी विचारतंच, ‘अहो, मग तेव्हा थंडी कशी?’ हा प्रतिप्रश्न आला की समजावं, बैठक जमली. एक चेंडू आणि टॉर्च जवळ ठेवा. पृथ्वीचा अक्ष २३.५ अंशांनी कललेला आहे. ऋतू या कलण्यामुळे होतात, अंतरामुळे नाही. चेंडू कोणाच्या तरी हातात द्या आणि त्यांनाच फिरवायला सांगा. हे झालं की पुढचे प्रश्न आपसूक सुचतात. ऑस्ट्रेलियात वसंत कधी? सप्टेंबरात. उत्तर ध्रुवावर सूर्य वर्षातून किती वेळा उगवतो? एकदाच, मार्चमधल्या विषुवदिनाच्या आसपास, आणि मग सुमारे सहा महिने मावळत नाही.

विषुवदिनी, म्हणजे २० मार्चच्या सुमारास, दिवस-रात्र अगदी समान असतात का? इथे जरा सबुरीने घ्या. दिवस काही मिनिटांनी मोठाच असतो, कारण सूर्याची वरची कड दिसली की आपण सूर्योदय धरतो आणि वातावरण प्रकाशाला वाकवतं. गणितात मुरलेलं कोणी असेल तर वाद घालेल. घालू द्या.

पक्ष्यांचा प्रश्न मी नेहमी जोडीने ठेवते. ‘कोकिळेचा तो कुहू-कुहू सूर कोण काढतं, नर की मादी?’ नर. काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगावर पांढरे ठिपके, आणि अंडी घालते कावळ्याच्या घरट्यात. ‘म्हणजे इतकी वर्षं कौतुक भलत्याच्याच बायकोचं!’ असं कोणीतरी म्हणतंच. मधमाशीच्या प्रश्नाला चहाचा चमचा दाखवा: एक कामकरी माशी आयुष्यभरात किती मध तयार करते? भरलेला चमचा, अर्धा, की चमच्याचा बारावा भाग? बारावा भाग. चमचा हातोहात फिरू द्या; ज्यांना नीट ऐकू येत नाही त्यांनाही तो प्रश्न कळतो.

ज्यांना प्रश्नोत्तरंच नकोशी वाटतात, त्यांच्यासाठी गोष्ट सांगा आणि मध्येच थांबा. १९१० साली जपानमधून २,००० चेरीची झाडं वॉशिंग्टनला भेट म्हणून पोचली. तपासणीत त्यांना कीड आणि रोग सापडला. आता अमेरिकेने काय केलं असेल? परत पाठवली, औषध फवारलं, की जाळली? जाळली. दोन्ही देशांचे लोक चांगलेच अवघडले असणार. पण १९१२ मध्ये जपानने पुन्हा ३,०२० झाडं पाठवली, आणि २७ मार्चला पहिली दोन रोपं राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी हेलन टॅफ्ट आणि जपानी राजदूतांच्या पत्नी यांनी लावली. ‘नाकारलेली भेट’ या धाग्यावर मंडळी स्वतःच्या आयुष्यातलं काय काय काढतात, ते ऐकण्यासारखं असतं. ट्युलिपचंही तसंच. १६३७ च्या फेब्रुवारीत हॉलंडमध्ये ट्युलिपच्या कंदांचा बाजार कोसळला. त्याआधी पट्टेदार फुलांना वेड्यासारखा भाव होता. ते पट्टे कशामुळे? मावा कीड पसरवते त्या विषाणूमुळे. म्हणजे लोक आजारी झाडांसाठी पैसे ओतत होते, आणि कारण कळलं ते थेट विसाव्या शतकात.

आणखी एक, हमखास चालणारा. काही देशांत वसंतात घड्याळं तासभर पुढे करतात. ही सूचना १८९५ मध्ये मांडणारा न्यूझीलंडचा जॉर्ज हडसन हा शेतकरी होता, रेल्वे अधिकारी की कीटक गोळा करणारा? कीटकवाला! कामावरून सुटल्यावर कीटक शोधायला उजेड मिळावा म्हणून त्याने चक्क दोन तासांची मागणी केली होती.

आता बसण्याची व्यवस्था. अर्धवर्तुळ करा, तुमच्या पाठीशी खिडकी नको. चेहरा अंधारात गेला की ओठ दिसत नाहीत. टीव्ही आणि आवाज करणारा पंखा बंद. वयानुसार आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात, स, श, फ ही अक्षरं निसटतात. म्हणून ओरडू नका, सावकाश बोला, आणि पुन्हा सांगताना तेच वाक्य न रेटता शब्द बदला. प्रश्न मोठ्या अक्षरांत, पांढऱ्यावर काळ्या शाईने लिहा. पर्यायांसाठी रंगीत कार्डं केलीत तर निळं-हिरवं एकत्र नको. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि हे दोन रंग एकमेकांत मिसळतात. लाल आणि पांढरं ठेवा, वर ठळक ‘हो’ आणि ‘नाही’.

स्मृतिभ्रंश असलेलं कोणी असेल तर ‘आठवतंय का?’ हे शब्द पूर्ण वर्ज्य. त्याऐवजी दोन फुलं पुढे करा: ‘यातलं कोणतं आवडलं?’ याला चुकीचं उत्तरच नाही. फक्त फुलांच्या वासाने कोणाला दम लागतो का, हे आधी विचारून ठेवा.

पाऊण तासाला दहा प्रश्न पुरे. सोप्याने सुरुवात, सर्वांत वादग्रस्त प्रश्न मधोमध, कारण शेवटी मंडळी दमलेली असतात. क्योटोमधल्या चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या आहेत, हे सांगून मी साधारण समारोपाकडे वळते: तुमच्या लहानपणी अंगणातल्या झाडाला बहर कधी यायचा? आता कधी येतो? जी उत्तरं येतील ती वहीत टिपून ठेवा, नावासकट.

पुढच्या बैठकीचे प्रश्न मंडळींकडूनच मागवा. फॉरवर्ड होऊन आलेलं ज्ञान त्यात येणारच, उदाहरणार्थ ‘अंडं फक्त विषुवदिनीच उभं राहतं’. खोडून काढू नका. दुसऱ्या कुठल्याही दिवशी कच्ची अंडी आणा, खाली काठ असलेलं ताट ठेवा आणि सगळ्यांना उभं करायला लावा. चिकाटी असेल तर राहतं.