पाचवीतल्या पोराला वाचता येत नसेल तर सुरुवात कुठून करायची

परवा पाचवीतल्या एका पोराने मला अख्खा धडा धडाधड म्हणून दाखवला, बोट मात्र दोन ओळी मागेच. पाठ होतं सगळं. दुसरा कागद पुढे केला तर 'डोंगर' पण वाचता येईना. आणि हा एकटा नाहीये, मुलांना कितपत वाचता येतं हे घरोघरी जाऊन बघणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांमधल्या पाचवीच्या फक्त ४४.८ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला. हे सुधारता येतं म्हणून लिहितेय, तुम्ही शिक्षक असा नाहीतर शाळा व्यवस्थापन समितीत.

आधी लेखी परीक्षा बाजूला ठेवा आणि एकेकाला जवळ बसवून वाचून घ्या, सगळ्यांसमोर नको, पोरं बुजतात. सोपा परिच्छेद द्या, जमला तर गोष्ट, नाही जमला तर सुटे शब्द, तेही नाही तर अक्षरं. पाचातले चार शब्द बरोबर आले की ती पायरी जमली.

मग तिसरी ते पाचवीची मुलं एकत्र घेऊन इयत्ता विसरा आणि कोण कुठल्या पायरीवर आहे त्यावरून गट पाडा. पाचवीचा मुलगा तिसरीच्या मुलीशेजारी बसला तर बसू द्या, फक्त त्याला कोणी चिडवणार नाही हे तुम्ही बघा. रोज एक तास, ठरलेला. अक्षरांच्या गटाला नुसता बाराखडीचा तक्ता घोकायला लावू नका, गोष्ट मोठ्याने वाचा, पोरांची बोटं ओळीवरून फिरू द्या, मग त्यातलेच शब्द पाटीवर. महिन्याने परत वाचून घ्या, ज्याचं जमलं तो लगेच वरच्या गटात.

मुंबईत १९९५ ला सुरू झालेल्या 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेने ही पद्धत घडवली, आता झांबियातल्या सरकारी शाळांतही ती चालते. पण बिहार-उत्तराखंडात शिक्षकांना नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य दिलं तेव्हा फारसं काही हललं नाही, कारण शाळेतला दिवस होता तसाच राहिला. हरियाणात २०१२-१३ मध्ये रोजचा तास राखून ठेवला आणि शाळांना भेटी देणाऱ्यांनी आधी स्वतः वर्गात शिकवून बघितलं, तिथे मुलांचं हिंदी खरंच सुधारलं. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. म्हणून आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे केंद्रप्रमुख आले की रजिस्टरं काढण्याआधी त्यांना खाली सतरंजीवर बसवा आणि दोन मुलांचं वाचन ऐकवा, अक्षरांच्या गटातल्या मुलांचं.