ऑटोमॅटिक घेताय? आधी चढावर थांबवून बघा

छोट्या, परवडणाऱ्या पेट्रोल हॅचबॅकमध्ये ‘ऑटोमॅटिक’ म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा एएमटी गिअरबॉक्स. म्हणजे आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम यंत्र करतं. म्हणून गाडी स्वस्त पडते, मायलेजही मॅन्युअलच्या जवळपास मिळतं.

पण क्लच आहे, म्हणजे तो झिजणारही. टेस्ट ड्राइव्ह मोकळ्या रस्त्यावर नको, भर गर्दीत घ्या आणि एखाद्या चढावर गाडी थांबवून पुन्हा काढून बघा. हिल होल्ड (चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय) नसेल तर ती मागे सरकू शकते. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबून गाडी जागच्या जागी धरून ठेवू नका. क्लच घसरत राहतो, तापतो आणि लवकर संपतो. ब्रेक किंवा हँडब्रेकच वापरा. ही एक सवय लागली तरी क्लचचा मोठा खर्च लांबतो.

गिअर बदलताना झटका जाणवतो? त्या क्षणी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय किंचित सैल करा, बराच फरक पडतो. तरीही खटकत असेल तर थोडे जास्त पैसे घालून सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टर या दुसऱ्या प्रकारच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गाडी चालवून बघाच.