जुना ट्रम्पेट वाजता करताना

इंदुरात एखाद्या बँडवाल्याकडून जुना ट्रम्पेट घेतलात, तर पॉलिशची घाई नको. आतला गाळ आधी. व्हॉल्व्हवर (बोटांनी दाबायच्या खटक्यांवर) १, २, ३ आकडे असतात; परत बसवताना अदलाबदल झाली की फुंक अडते. अडकलेल्या स्लाइडच्या (सरकवून बाहेर काढता येणाऱ्या नळीच्या) सांध्यावर गंज सोडवणाऱ्या तेलाचे २-३ थेंब टाकून रात्रभर ठेवा, मग कापडी पट्टी अडकवून ओढा. पक्कड लावाल तर नळी पिळवटेल. फेल्ट (व्हॉल्व्हवरच्या मऊ नमद्याच्या चकत्या) काढून सगळे भाग कोमट साबणपाण्यात अर्धा तास भिजवा (कढत पाण्याने लॅकर, म्हणजे पितळेवरचा चकचकीत लेप, उडतो) आणि आतून लवचिक ब्रश फिरवा. माउथपीसलगतच्या नळीवर गुलाबी ठिपके असतील, तर पितळेतले जस्त गेलेय. भोक पडले की नळीच बदलायची. शेवटी व्हॉल्व्हला व्हॉल्व्ह ऑइल, स्लाइडला ग्रीस. व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड झटकन काढा: ‘टप्प’ वाजले, तर हवा गळत नाही.