जहाजाच्या मॉडेलची पट्टी किती जाड घ्यावी? या चुका टाळा

लाकडी जहाजाचं किट आपल्या गावात कुरिअरने येतं तेव्हा जहाजाच्या अंगावर चिकटवायच्या लाकडी पट्ट्यांचा गठ्ठा मोजून-मापून दिलेला असतो. एक पट्टी मोडली तर तालुक्याच्या बाजारात तिच्या जोडीची मिळत नाही. म्हणून जाडीचा निर्णय पहिली पट्टी चिकटवायच्या आधीच व्हायला हवा. आणि तो घेताना हातातल्या पट्टीची जाडी बघून भागत नाही. घासून, चिकटवून, वाळून शेवटी जहाजावर किती जाडी उरणार आहे, तो आकडा धरावा लागतो.

बरेच जण खऱ्या जहाजाच्या फळीला स्केलने भागून मोकळे होतात. ४ इंची फळी १:४८ ला (म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाच्या मॉडेलवर) साधारण २.१ मिमी, १:६४ ला १.६ मिमी आणि १:९६ ला जेमतेम १ मिमी येते. गणित बरोबर आहे, पण तळाच्या फळीची जाडी पूर्ण झालेल्या मॉडेलवर कोणाला दिसतच नाही. ती दिसते तोफांच्या खिडक्यांच्या कडेला आणि कठड्याच्या माथ्यावर, म्हणून स्केलचा हिशोब तिथे लावायचा. बल्कहेडचे (सांगाड्यातल्या आडव्या फळ्यांचे) वर आलेले कान ४ मिमी जाडीचे असतील आणि ते तसेच ठेवून बाहेरून-आतून पट्ट्या मारल्या, तर १:६४ वर नुसते ते कानच खऱ्या मापात दहा इंच होतात. छोट्या स्कूनरला (शिडाच्या जहाजाला) इतका जाड कठडा शोभत नाही. बाहेरची पट्टी पक्की बसली की कान कापून टाका आणि आतून ०.५ मिमीचीच पट्टी लावा.

खालच्या भागात जाडी ठरते ती वाकण्यावरून. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. १ मिमीपेक्षा १.५ मिमीची पट्टी साडेतीन पट हट्टी असते आणि २ मिमीची आठ पट. नाळेजवळचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाचा, गोल फुगीर असेल तर २ मिमीची पट्टी खिळ्याने दाबून बसवू नका. ती त्या दिवशी बसते, पण पुढे सांध्यातून सुटते. किटमधली एक पट्टी कोरडीच घेऊन पहिल्या तीन बल्कहेडवर हाताने वाकवून बघा. बाहेरच्या अंगाला तंतू उठून बारीक केसासारखे उभे राहिले तर तिथेच थांबा. पंधरा-वीस मिनिटं गरम पाण्यात ठेवा, आणि तरीही ऐकत नसेल तर वाकणाऱ्या टोकाची आतली बाजू ब्लेडने खरवडून जाडी सव्वा मिमीवर आणा. बाहेरून काहीच कळत नाही.

उलट चूकही तेवढीच होते. सोपं वाकतं म्हणून पहिल्या थराला १ मिमीची पट्टी घेतली आणि बल्कहेडमधलं अंतर जास्त असलं, तर पट्टी मधल्या जागेत आत बसते आणि हडकुळ्या गुराच्या बरगड्या दिसाव्यात तसं पोट दिसतं. मग ते सपाट करायला पॉलिश पेपर चालवायचा आणि बल्कहेडवर पट्टी कागदाएवढी उरायची. दुहेरी थराच्या किटला पहिला थर लाइमवुड किंवा बासवुडचा, १.५ मिमीचा असावा. घासण्यात त्यातला पाव-अर्धा मिमी सहज जातो. नाळेच्या आणि मागच्या टोकाच्या बल्कहेडमध्ये लाकडाचे ठोकळे भरून घ्या. बाल्सा मागवायची गरज नाही, सावरीचं लाकूड मऊ आणि हलकं असतं, चाकूने तासता येतं.

दुसरा थर ०.५ ते १ मिमीचा, अक्रोडाचा वगैरे. ०.५ मिमी असेल तर त्यावर जाड पेपर लावूच नका, २२० नंबरच्या पुढचा बारीकच घ्या. एकेरी थराच्या किटमध्ये १.५-१.६ मिमीची तीच पट्टी आधारही आणि तीच कातडीही, त्यामुळे चूक झाकायला जागा नाही. पहिलंच जहाज असेल तर माझं स्पष्ट मत आहे: दुहेरी थराचंच घ्या.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. मधली कीलची (जहाजाच्या कण्याची) पाटी ५ मिमी आणि बाहेर दिसणारा मागचा खांबही ५ मिमी. पाटीच्या दोन्ही बाजूंना १.५ अधिक ०.५, म्हणजे ४ मिमीची भर पडली. झाले ९ मिमी! खांबाच्या दोन्ही अंगांना दोन-दोन मिमीची पायरी उभी राहते आणि सुकाणू तिथे नीट बसत नाही. उपाय सुरुवातीलाच करायचा. मागच्या टोकाला, पट्ट्या जिथे संपतात तिथे, पाटी दोन्ही बाजूंनी उतरती तासत १ मिमीवर आणायची. पटाशीने ढोबळ, मग कानशीने. पट्ट्या लावून झाल्यावर तिथे हत्यार पोचत नाही, पट्ट्याच पातळ कराव्या लागतात.

किटवर १.५ लिहिलं म्हणून सगळ्या पट्ट्या १.५ नसतात. व्हर्नियरने मोजा, जाडीप्रमाणे ढीग करा आणि डाव्या-उजव्या बाजूला एकाच ढिगातली जोडी लावा.

काही जण म्हणतात, आपल्याकडे साग असताना परदेशी लाकडाच्या पट्ट्या कशाला? मुंबईत १८१७ साली बांधलेलं ट्रिंकोमाली हे जहाज सागाचंच आहे आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला उभं आहे. पण मॉडेल लहान केलं म्हणून सागाची छिद्रं लहान होत नाहीत. पाव मिमीचं छिद्र १:६४ वर दीड सेंटीमीटरचं भोक वाटतं. त्यापेक्षा हळदू घ्या: पिवळसर, बारीक पोताचं, धार सुंदर धरतं. मात्र आरामशीनचं पातं पट्टीपेक्षा जास्त लाकूड भुशात घालवतं. त्यामुळे १ मिमीची पट्टी तिथे मागू नका. ३ मिमीची कापून घ्या आणि रंध्याने उतरवा. पट्ट्यांच्या लाकडी खुंट्यांसाठी मात्र आपल्या बांबूला तोड नाही.

राहिला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये आपण कुलरसमोर बसून काम करतो. त्या खोलीतली हवा ओली आणि शेजारच्या खोलीत ठणठणीत कोरडी. बासवुडची ५ मिमी रुंद पट्टी ओल सोडताना रुंदीत साधारण ०.१ मिमी आकसू शकते. एका पट्टीत काही नाही, पण वीस पट्ट्यांत २ मिमी होतात आणि प्रत्येक सांध्यात काळी रेघ उघडते. ०.५ मिमीचा वरचा थर याला लवकर बळी पडतो, कारण पातळ पट्टी ओल लगेच घेते आणि लगेच सोडते. फेविकोलचं पाणी लागूनही ती वळते, म्हणून गोंद बोटाने अगदी पातळ पसरवा. पट्ट्या कुलरच्या झोतात ठेवू नका. मॉडेल ज्या खोलीत राहणार तिथेच आठ-दहा दिवस मोकळ्या ठेवा, मग लावा. पावसाळ्यात पहिला थर झाला असेल तर दुसऱ्याची घाई नको. दिवाळीनंतर हवा कोरडी होऊ द्या, उघडलेल्या फटी भुसा-गोंदाने भरा, घासा आणि तेव्हाच वरचा थर चढवा. वॉर्निशचा एक हात आतल्या बाजूनेही द्या, जिथे ब्रश पोचतो तिथे.