प्रोबायोटिक देताय ना, मग या चुका टाळा

ढोर चारा खात नाही म्हटलं की आपल्याकडे आधी मेडिकलवर जायचं, तिथून प्रोबायोटिकची, म्हणजे पचनाला मदत करणाऱ्या जिवंत जिवाणूंची किंवा ईस्टची, बाटली आणायची आणि पाजून मोकळं व्हायचं. काय खाऊ घातलं होतं ते कोणी विचारतच नाही.

आखाजीनंतरची (अक्षय्य तृतीयेनंतरची) लग्नसराई. यावलकडच्या ओळखीच्या एकाने पंगतीत उरलेल्या बट्ट्या टोपलंभर संकरित गाईपुढे टाकल्या, अन्न वाया कशाला घालवायचं म्हणून. सकाळी गाय उठेना, रवंथ बंद, शेण पातळ आणि आंबूस वासाचं. भाऊने अख्खी बाटली पाजली आणि वरून तांब्याभर दही. अरे भो, एवढं पीठ एकदम पोटात गेलं की त्याचं लॅक्टिक आम्ल होतं, कोठीपोटाचा (चारा आंबवणाऱ्या पहिल्या मोठ्या पोटाचा) सामू, म्हणजे पीएच, साधारण 6 ते 7 पाहिजे, तो साडेपाचच्या खाली गेला की कडबा पचवणारे जिवाणूच मरायला लागतात, त्यात तू अजून आंबट ओततोय! डॉक्टरांनी शिरेतून सोडा बायकार्ब दिला म्हणून गाय वाचली, पण त्या वेताचं दूध गेलं ते गेलंच. अशा वेळी बाटली शोधत बसायचं नाही, डॉक्टरला बोलवायचं.

मी मक्याचा भरडा असो की सरकीची ढेप, नवीन खुराक दोन-तीन आठवड्यांत मूठमूठ करून वाढवतो. सकाळी आधी दादर ज्वारीचा कडबा, मग खुराक. ईस्टची पावडर त्या खुराकातच, रोज. दोन दिवसांत दूध वाढलं नाही म्हणून तिसऱ्या दिवशी कंपनी बदलणाऱ्यांना तर मी सल्ला द्यायचंच सोडलंय.

पाकीट पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. मे महिन्यात जळगावला पारा 45 ला टेकतो, पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि आतले जिवाणू जिवंत असले तरच त्या पाकिटाला किंमत. उकळत्या आंबोणात टाकणारेही तेच करतात.

कोंबड्यांच्या पाण्यात टीसीएल (जंतू मारायची क्लोरीनची पावडर) आणि प्रोबायोटिक एकाच वेळी? पैसे पाण्यात, अक्षरशः.

अँटिबायोटिक चालू असताना जिवाणूवालं प्रोबायोटिक देऊ नका, कोर्स संपल्यावर द्या. ईस्ट चालतं, ती बुरशीच्या जातीची.

वासराला चीक न पाजता पावडर चाटवणारे पण पाहिलेत. जन्मल्यावर एक-दोन तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे, पावडरीचं नंतर बघू.

आणि पाजताना जीभ ओढून, मान वर ताणून बाटली ओतू नका, श्वासनळीत गेलं की न्यूमोनिया.