जॉबवर्क बाहेर देताना या चुका टाळा

लहान कारखान्यात सगळी कामं घरात होत नाहीत आणि होऊही नयेत. भोसरीत टर्निंग (लेथवरचं कातकाम) करणाऱ्याने प्लेटिंगच्या (धातूवर दुसऱ्या धातूचा थर चढवायच्या) टाक्या मांडायच्या नसतात, शिरोलीतल्या फाउंड्रीने प्रत्येक कास्टिंगचं मशीनिंग स्वतःच करायला हवं असंही नाही. काम बाहेर द्यावंच लागतं; यालाच जॉबवर्क म्हणतात आणि ते करणाऱ्याला जॉबवर्कर. तोटा होतो तो त्या कामाची माहितीही सोबत बाहेर गेली की. मग माल बिघडला तरी का बिघडला हे आपल्याला कळत नाही, आणि रेट वाढला तर तो वाजवी आहे की नाही हेही सांगता येत नाही.

घरचा खर्च फुगवून धरणे

समजा, एक नग घरात 42 रुपयांना पडतो आणि बाहेरचा 34 ला करून द्यायला तयार आहे. आठ रुपये वाचले म्हणून काम दिलं जातं. पण त्या 42 मध्ये शेडचं भाडं, मशीनचा हप्ता आणि सुपरवायझरचा पगार मिळून 15 रुपये असतील, तर काम बाहेर गेलं तरी ते 15 खर्च होतच राहणार. खरे वाचले 27 आणि दिले 34. त्यावर टेम्पोचं भाडं, आलेला माल तपासणाऱ्याचा वेळ आणि रिजेक्शन वेगळंच.

मोकळ्या झालेल्या मशीनवर जास्त पैसे देणारं दुसरं काम खरोखर हातात असेल, तर हे गणित उलटतं. पण ते काम ऑर्डर म्हणून हातात हवं. 'मिळेल कुठून तरी' या भरवशावर मशीन रिकामं करू नका.

ड्रॉइंग पाठवलं की सांगून झालं असं समजणे

सगळ्यात जास्त माल इथे बिघडतो. एम10 चा, म्हणजे 10 मिमी व्यासाचा, साधा बोल्ट घ्या, 1.5 पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर 1.5 मिमी). त्यावर 8 मायक्रॉन झिंक प्लेटिंग केलं, तर आट्यांचा पिच डायमीटर (उतारांच्या मध्यावर मोजलेला व्यास) 8 ने नाही, 32 मायक्रॉनने वाढतो, कारण 60 अंशांच्या आट्याच्या दोन्ही उतारांवर आणि समोरच्या बाजूलाही थर चढतो. नेहमीच्या 6 जी फिटमध्ये (आट्यांच्या मापाची ठरलेली श्रेणी) या मापाला मोकळीकही नेमकी 32 मायक्रॉनचीच असते. प्लेटिंगवाल्याने 12 मायक्रॉन चढवलं आणि टर्निंगवाल्याने माप वरच्या टोकाला ठेवलेलं असलं, की गो रिंग गेज (तपासताना बोल्टवर सहज फिरायला हवी ती रिंग) अडकलाच. दोघंही म्हणतात, 'आमचं काम बरोबर आहे', आणि दोघांचंही खरं असतं. चूक ड्रॉइंग काढणाऱ्याची. माप प्लेटिंगआधीचं की नंतरचं, आणि थर किमान किती व कमाल किती, हे ड्रॉइंगवर लिहिलेलंच नव्हतं.

12.9 ग्रेडच्या, म्हणजे फार मजबूत पोलादाच्या, बोल्टमध्ये तर याहून मोठा धोका आहे. ॲसिडच्या धुलाईत आणि प्लेटिंगमध्ये पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होतं. बोल्ट तपासणीत पास होतो, असेंब्लीत नीट आवळला जातो आणि एखाद्या दिवसाने डोक्याखाली तुटतो. हे टाळायला प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत बोल्ट भट्टीत 190 ते 220 अंशांवर कित्येक तास ठेवावे लागतात. प्लेटिंगवाल्याला आलेला माल कोणत्या ग्रेडचा आहे हे दिसत नाही. ते तुम्ही मालासोबतच्या चलानावर लिहायचं, या भट्टीकामाचा (बेकिंगचा) रेट वेगळा द्यायचा आणि भट्टीच्या तापमानाची नोंद मागायची. ग्राहकाच्या गाडीत तुटलेल्या बोल्टची जबाबदारी प्लेटिंगवाल्याकडे जात नाही, तुमच्याकडेच येते.

आणखी एक गोष्ट. शेवटच्या टप्प्यावर माल बिघडला तर जॉबवर्करचे जातात सहा रुपये, तुमचे जातात मटेरियल आणि आधीच्या सगळ्या मजुरीसकट दीडशे-दोनशे. डेबिट नोट (बिलातून वसुलीची चिठ्ठी) फाडून एवढे पैसे त्याच्याकडून निघत नाहीत. तसा हट्ट धरलात तर तो पुढचं काम घेणंच बंद करतो. म्हणून पूर्ण लॉट एका फेरीत पाठवू नका. आधी थोडे नग पाठवा, ते तपासा, मगच बाकीचे सोडा.

माहितीही बाहेर सोडणे

बोइंगने 787 विमान बनवताना पंख आणि धडाचे मोठे भाग जपान, इटली आणि अमेरिकेतल्याच दुसऱ्या कंपन्यांवर सोपवले. त्यातल्या कितीतरी भागांचं बारीक डिझाइनही त्यांच्याकडेच दिलं. कंपनीतलेच एक अभियंता एल. जे. हार्ट-स्मिथ यांनी 2001 मध्ये एका निबंधात लिहिलं होतं की काम बाहेर दिलं की नफाही बाहेर जातो आणि सगळं जुळवण्याचा खर्च मात्र आपल्याकडे उरतो. जुलै 2007 मध्ये पहिलं विमान थाटात लोकांसमोर आणलं, तेव्हा फास्टनरच्या (बोल्ट-रिव्हेटसारख्या जोडसाधनांच्या) टंचाईमुळे त्यात कितीतरी ठिकाणी तात्पुरते फास्टनर बसवलेले होते. 2008 मध्ये द्यायचं विमान ग्राहकाला 2011 च्या सप्टेंबरमध्ये मिळालं. मध्येच 2009 साली बोइंगला दक्षिण कॅरोलिनातला व्हॉट कंपनीचा कारखाना विकत घ्यावा लागला. 2005 मध्ये विकून टाकलेलं विचिटाचं युनिटही, जे पुढे स्पिरिट एरोसिस्टिम्स झालं, परत घेण्याचा करार 2024 मध्ये झाला.

आपल्या पातळीवर याचा अर्थ असा: प्रोसेस शीट, गेज आणि पहिल्या नगाचा तपासणी रिपोर्ट आपल्या कपाटात हवा. शक्य असेल तर त्या कामाचा थोडा भाग घरात चालू ठेवावा. किमान एक माणूस तरी असा असावा ज्याने ते काम हाताने केलं आहे. रेटच्या बोलणीला त्यालाच न्या.

एकाच दारावर अवलंबून राहणे

1 फेब्रुवारी 1997 च्या पहाटे जपानमधल्या कारिया इथल्या आयसिन या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकमधला एक लहानसा, स्वस्त व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथेच बनत होता आणि शिल्लक साठा अगदी थोडा होता. काही दिवसांत टोयोटाच्या बहुतेक लाइन बंद पडल्या. सावरल्या त्याही काही दिवसांतच, कारण ड्रॉइंग वाटली गेली आणि आजूबाजूच्या पुरवठादारांनी आपापल्या मशीनवर तो व्हॉल्व्ह करायला घेतला.

दुसरा जॉबवर्कर म्हणजे फोनमध्ये साठवलेला नंबर नव्हे. त्याच्याकडून नग मंजूर करून घेतलेले हवेत आणि दर महिन्याला थोडं का होईना काम त्याला जायला हवं. एरवी आठवणही न काढलेला माणूस ऐन अडचणीत तुमच्यासाठी मशीन का मोकळं करेल? आणि दोघंही एकाच हीट ट्रीटमेंटवाल्याकडे माल पाठवत असतील, तर तुमच्याकडे दोन पर्याय नाहीत, एकच आहे.

डाय आणि चलान

डाय, पॅटर्न, फिक्श्चर (साचे आणि नग पकडायची साधनं) यांच्यावर आपलं नाव आणि नंबर कोरून घ्या, आणि ती तुमच्या मालकीची असल्याचं चलानावर सही घेऊन ठेवा. जॉबवर्कर बदलायची वेळ आली की सगळी भांडणं इथेच होतात. जीएसटीत जॉबवर्कला दिलेला कच्चा माल एक वर्षात परत यावा लागतो, यंत्रसामग्री तीन वर्षांत. नाही आला तर तो ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी विकला असं धरलं जातं आणि कर व्याजासह भरावा लागतो. डाय, जिग, फिक्श्चर आणि टूल यांना ही मुदत नाही.

पैसे थकवणे

नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होतं. आयकरातही 2023-24 या आर्थिक वर्षापासून अशी मुदत उलटलेली रक्कम प्रत्यक्ष दिली त्याच वर्षी खर्च म्हणून धरता येते. पण माझ्या मते दंडाहून मोठं नुकसान वेगळंच आहे. चार महिने पैसे न मिळालेला प्लेटिंगवाला टाकीतलं रसायन वेळेवर बदलत नाही, आणि घाईच्या दिवशी तुमचा लॉट मागे ठेवून रोख देणाऱ्याचा आधी उतरवतो. पहिली पीओ (खरेदी ऑर्डर) देतानाच त्याचा उद्यम (सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी) नोंदणी क्रमांक घ्या आणि पैसे कधी मिळणार ते पीओवर लिहा.