होळी ते पाडवा: सोसायटीची साफसफाई आणि निघालेल्या अडगळीची वाट

दिवाळीआधी जो तो आपापलं घर झाडतो आणि ती अडगळ रात्री गुपचूप कोपऱ्यावरच्या डीपीपाशी जाऊन पडते. म्हणून आमच्या कोथरूडच्या सोसायटीत सामाईक साफसफाई फाल्गुनात निघते. होळी ते पाडवा पंधरवडा मिळतो, ऊन कडक असतं, माळ्यावरचं सगळं गच्चीत पसरलं तरी सहसा पावसाचं भय नसतं. सेक्रेटरीपद माझ्याकडे आहे ते दुसरं कोणी घेत नाही म्हणून. सूर थोडा हुकमी लागला तर चालवून घ्या.

पहिलं काम फोनचं. कोणता माल कोण उचलणार हे ठरल्याशिवाय माळा उघडायचाच नाही, नाहीतर तो माल जिन्यात मुक्काम ठोकतो. आमचा रोजचा कचरा ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताई नेतात. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली, तिच्यातूनच पुढे ही सहकारी संस्था झाली. सुक्या कचऱ्यातलं भंगार विकून येणारे पैसे त्या ताईंचे असतात, हे बऱ्याच बिऱ्हाडांच्या गावीही नसतं. दुधाची पिशवी न धुता टाकली की आपण त्यांच्या कमाईतच हात घालतो. त्यांना आठवडाभर आधी सांगा, जोडीला कोणी आणायला सांगा आणि त्या दिवसाचे वेगळे पैसे सोसायटीच्या खात्यातून द्या. सोफा, फोमची गादी, मोडकं कपाट यांच्यासाठी आरोग्य कोठीत, म्हणजे महापालिकेच्या सफाई कामगारांच्या चौकीत, जाऊन मुकादमांना गाडीचं विचारा. भंगारवाल्याला बोलवावं लागत नाही, थोपवावं लागतं.

आता पालापाचोळा. याच दिवसांत बदाम, पिंपळ, कडुनिंब सगळे एकदम झडतात आणि झाडलोटवाला ढीग करून काडी लावतो. ते थांबवा. उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई, असा राष्ट्रीय हरित लवादाचा डिसेंबर २०१६ चा आदेश आहे. पण दंडाची भीती घालण्यापेक्षा पाल्याला जागा करून दिलेली बरी. कंपाउंडच्या कडेला कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी आणा, तीन-साडेतीन फूट उंच आणि तेवढाच व्यास असं गोल कडं उभं करा. पाला त्यात टाकण्याआधी विडीची थोटकं आणि चॉकलेटचे कागद वेचून घ्या. थोडं पाणी शिंपडून पायाने दाबत भरा. नुसता पाला कुजायला सहा महिने ते वर्षही घेतो. स्वयंपाकघरातला ओला कचरा मिसळलात तर काम लवकर होतं. ओल्याच्या दुप्पट-तिप्पट पाला, मध्ये मध्ये जुनं खत किंवा शेणाचा काला, आठवड्यातून एकदा खालीवर. ओलावा किती? मूठभर उचलून दाबलं तर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. वास मारायला लागला म्हणजे पाणी जास्त झालं, वर आणखी पाला टाका. पहिल्या मजल्यावरचे काका ‘डास होतील’ म्हणतील. डास साचलेल्या पाण्यात होतात, पाल्यात नाही. त्यांच्या खिडकीतल्या कुंडीखालची ताटली बघून घ्या.

होळीचंही आत्ताच सांगते. प्लायवूड, सनमायका लावलेली फळी, सोफ्याचा फोम, टायर यातलं काही होळीत जाता कामा नये. त्या धुरात गोंद, रंग, रबर सगळं असतं आणि तो पहिल्यांदा जातो होळीभोवती फिरणाऱ्या पोरांच्याच नाकात.

माळ्याबद्दल फार सांगत नाही, ज्याचा त्याने उपसावा. चांगले कपडे वापरणाऱ्याला द्या, जुनेर बोहारणीला. कापसाची गादी पिंजून पुन्हा भरता येते, ती टाकू नका. फुटकी काच जाड कागदात गुंडाळून वर मोठ्या अक्षरात ‘काच’ लिहा. आतला हात कुणाचा असेल ते आपल्याला दिसत नसतं. देवांच्या जुन्या तसबिरी मात्र दर वर्षी पिंपळाखाली जाऊन बसतात. नमस्कार करा आणि फ्रेम उघडा. काच वेगळी, लाकूड वेगळं, खिळे वेगळे. चित्र साध्या कागदाचं असेल तर भिजवून लगदा करा आणि झाडाच्या बुंध्याशी पुरा. माझ्या सासूबाईंनाही हे पटलं, म्हणजे तुमच्याकडेही पटेल.

खरी काळजी एका लहानशा डब्याची. कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग सांगितले, पण तिसऱ्याचा डबा बहुतेक घरांत नसतोच. त्या आठवड्यापुरता तरी वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवा. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो, त्या न फोडता खोक्यात घालून आणायच्या. फुटलीच तर खिडक्या उघडून थोडा वेळ बाहेर थांबा; केरसुणी किंवा व्हॅक्यूम लावू नका, पुठ्ठ्याने गोळा करून बरणीत बंद करा. इन्सुलिनच्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत, बूच घट्ट लावून. मुदत संपलेल्या गोळ्या संडासात ओतू नका. मोबाइलच्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावा. फुगलेली असेल तर टोचायची नाही, दाबायचीही नाही, सुक्या कचऱ्यात तर अजिबात टाकायची नाही, गाडी पेटते. सॅनिटरी पॅड आणि डायपर या डब्यात नकोत, रोजच्या वेळेलाच द्यायचे, कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून.

जुने मोबाइल, चार्जर, मिक्सर, कॉम्प्युटर एकत्र साठवा. एका रिमोटसाठी कोणी येत नाही, चाळीस घरांचं मिळून असेल तर नोंदणीकृत पुनर्वापरवाले गाडी पाठवतात. भंगारवाल्याकडच्या वायरी बऱ्याचदा तांब्यासाठी जाळल्या जातात, म्हणून दोन रुपये कमी मिळाले तरी तिकडे नको. फोनमधले फोटो आणि बँकेची ॲप आधी पुसा. इन्व्हर्टरची बॅटरी दुकानदाराला परत द्या, तो नव्या बॅटरीत वळती करतो. आणि बाथरूम फोडून निघालेला राडारोडा या साफसफाईत येत नाही, तो ज्याचा त्याने महापालिकेकडे पैसे भरून उचलायला लावायचा. दर वर्षी कोणीतरी दोन गोणी हळूच सरकवतंच.

नोटीस आठवडाभर आधी लिफ्टशेजारी लावा. आमची अशी असते:

‘रविवारी सकाळी ८ ते ११ पार्किंगमध्ये. कागद, धातू, कपडे, इलेक्ट्रॉनिक आणि घातक असे पाच ढीग. आपली वस्तू आपल्या हाताने योग्य ढिगात ठेवावी, वॉचमनकडे देऊन जाऊ नये. चहा सोसायटीतर्फे, कप घरून आणावा. ११ नंतर आणलेली वस्तू पुन्हा आपल्याच माळ्यावर.’